कुलपातली युनिक्सची पुस्तिका

मित्रांनो, मी युनिक्स या संगणकप्रणालीची एक जुनी माहितीपुस्तिका आहे. संगणकाला कोणती कमांड दिली की तो काय करतो, हे नवख्यांना सांगण्यासाठी माझा जन्म झाला. १९८७ साली नव्या यंत्राबरोबर मी सोलापूरच्या एका कॉलेजात आले.

पण शिकवायचे भाग्य कुठले! विभागप्रमुख ईश्वरप्पा सरांनी मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. "एकच प्रत आहे, पोरं हरवून टाकतील," म्हणाले. पाहुणे आले की मला दाखवायला काढत. "वा, अगदी कोरी ठेवलीय!" पाहुणे म्हणत. त्या कौतुकाने माझे अंग जळे.

दानम्मा ही करकंब गावची विद्यार्थिनी. यंत्रावर नुकतीच बसू लागली होती. एके दुपारी तिला आपली एक चुकलेली फाइल पुसायची होती. 'आरएम' म्हणजे पुसणे, एवढे तिने ऐकले होते. कुणालातरी त्यापुढे चांदणीची खूण (*) टाकताना पाहिले होते, म्हणून तिनेही टाकली. चांदणी टाकली की तिथले सगळेच जाते आणि यंत्र एकदाही 'पुसू का?' विचारत नाही, हे माझ्या पानावर स्पष्ट छापले होते. पण मी काचेआड! जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या सहा महिन्यांच्या नोंदी क्षणात गेल्या.

"वाचता येत नाही का तुला?" सर गरजले. "उद्यापासून यंत्राला हात लावायचा नाही!"

दानम्माने काचेच्या कपाटाकडे बोट केले. "वाचायला दिलंच कुटं, सर? तीनदा मागितलं की मी!"

मग प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या जगदेवीबाई पुढे आल्या. "सर, तिला काढणार असाल तर मलाही काढा. मागायला मीच पाठवलं होतं तिला."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.

नोंदींचे मूळ कागद सुदैवाने शाबूत होते. दानम्माने ते एकोणीस दिवस बसून पुन्हा यंत्रात भरले. मी तिच्या शेजारी उघडी होते. अडले की ती मला चाळी आणि समासात मराठीत अर्थ लिही. पुढच्या वर्षी नवी मुले आली, ती आधी तिचे अक्षर वाचत, मग माझे.

आता माझी शिवण उसवली आहे, काही पाने सुटली आहेत. ती चिकटवा, मित्रांनो. पुस्तकाला पाण्यापासून जपा, वाळवीपासून जपा. पण वाचणाऱ्यापासून जपू नका!