टिपांचा रंग

भरतेश जाऊन महिना झाला होता. शेवटच्या वर्षाचा त्यांचा प्रकल्प, कृष्णेच्या पुराचा अंदाज सांगणारा प्रोग्राम, अर्धवट राहिलेला. प्रकल्पातल्या त्याच्या जोडीदारणीनं, प्राचीनं, तो एकटीनं पुरा केला. अहवालाची एक प्रत त्याच्या वडिलांना, पायगोंडाकाकांना द्यायची होती.

पहिल्या छपाईत कोडमधल्या टिपा फार फिकट आल्या. टिपा म्हणजे माणसांसाठी लिहिलेल्या ओळी. कॉम्प्युटर त्या सोडून देतो. पीडीएफ बनताना कोडला रंग देणारी फाईल प्राचीनं उघडली, टिपांचा राखाडी रंग काळा केला आणि नीट उठतात का बघायला वाचू लागली.

भरतेशनं नोव्हेंबरात लिहिलं होतं: 'डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप लगेच बदला. घरी सांगितलं तर ब्राह्मीताईचं लग्न थांबेल. लग्न झालं की सांगतो.' पुढं अशा बऱ्याच ओळी होत्या. शेवटची, 'आज जिना चढवेना.'

प्राचीनं टिपांचा रंग पांढरा केला. कागदावर ओळी नाहीशा झाल्या.

काका सांगलीला कॉलेजात आले. चष्मा लावून एकेक पान उलटू लागले.

"पोरी, हितं मधी मधी कोरं का सोडलंय?"

"तसंच असतं, काका."

"ह्याच पानांवर हाय. बाकी कुटं न्हाई."

प्राचीला पुढं खोटं बोलवेना. "भरतेशच्या टिपा आहेत. मीच दिसू दिल्या नाहीत."

"दाव."

तिनं रंग बदलून ती चार पानं छापून दिली. काकांनी उभ्यानंच वाचली. मग खुर्चीत बसले.

"ब्राह्मीचं लगीन डिसेंबरात धरलं हुतं," ते म्हणाले. "उसाला तोड मिळंना, पैसा हातात न्हवता, म्हनून मीच एप्रिलात ढकललं. त्यो नुसता 'बरं' म्हनला गं."

प्राचीनं पाणी पुढं केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"आनी कुनी वाचलंय?"

"नाही."

"मग घरच्या पुस्तकात कोरंच ऱ्हाऊ दे. ब्राह्मी वाचती."

"मूळ फाईलमधनं काढून टाकू?"

"नगं. त्येच्या हातचं हाय."

चार पानांची घडी त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात घातली. कोऱ्या जागांचा अहवाल काखेत धरून उठले.

"पुढल्या म्हैन्यात लगीन हाय," दारात थांबून ते म्हणाले. "ये तू. आता त्ये ढकलत न्हाई."