देवाच्या परवानगीचे गमबूट

मी गमबूट. जोडीतला उजवा. बोलायची पाळी माझ्यावर आली, कारण डावा आता बोलण्याच्या अवस्थेत नाही. तसा तो होता तेव्हाही कमीच बोलायचा. आमच्या जोडीत जळायचं काम माझ्याकडे होतं.

जन्म माझा तापलेल्या साच्यातला. तिथून आम्ही इतवारीत गिरिधरशेठच्या दुकानी आलो. दारावर दोरीला उलटे टांगलेले, खालून माणसं जायची. शेजारच्या जोड्या एकेक करून कुणाच्या ना कुणाच्या पायांत गेल्या. त्यांच्याकडे पाहून माझं रबर तेव्हापासूनच तडतडायचं.

मग एका भादव्यात नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. गिरिधरशेठनं दुकान उघडलं आणि मदतीला निघालेल्यांना म्हटलं, लागेल ते न्या. दोर गेले, टॉर्च गेले, आम्हीही गेलो. प्रेमिला नावाची एक अंगणवाडीची बाई होती, तिनं आम्हाला काखोटीला मारलं आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या यमुताईंच्या पुढ्यात धरलं.

यमुताई म्हणजे रामदासपेठेतल्या. साठी ओलांडलेली, केसांची बारीकशी गाठ, कपाळावर ठसठशीत कुंकू. सोमवार, चतुर्थी, एकादशी असं काही ना काही नेहमी चालू. त्यातला मोठा नेम चातुर्मासाचा. आषाढी ते कार्तिकी पायात वहाण घालायची नाही. लग्न होऊन आल्यापासूनचा तो नेम. त्या दिवशीही त्या अनवाणीच आल्या होत्या, आणि पाण्याखालच्या काचेनं टाच कापून घेतली होती.

प्रेमिला म्हणाली, "घाल वं ताई मुकाट्यानं. पाय कापून बसली त लोकाइले कोण काढन? पाप लागलं त माह्या नावावर टाक. माहा तुह्या देवासंग काही देणंघेणंच नाही."

ताईंना त्याही परिस्थितीत हसू आलं. त्यांनी पाण्यातच उभं राहून हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलवले. मग पदर खोचला आणि आधी उजवा पाय माझ्यात घातला.

मी त्यांना सैल होतो, पुरुषी मापाचा. आत चिंध्या कोंबाव्या लागल्या. पण त्या पायांनी मला घरोघरी नेलं. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं, लेकरं कडेवर घेतली. वस्तीत बोट अशी एकच होती आणि ती सगळीकडे पुरत नव्हती. एका गल्लीत ती पोचेपर्यंत दोन घरचे लोक पत्र्यावर भिजत बसले होते, ते मी पाहिलं आहे.

पाणी ओसरलं. मला धुऊन मागच्या गॅलरीत केरसुणीजवळ ठेवलं गेलं. मला त्याचं दुःख नव्हतं. माझ्याकडे एक मोठी गोष्ट होती. ताईंनी उभ्या आयुष्यात ज्याच्यासाठी देवाची परवानगी मागून नेम बाजूला ठेवला, तो फक्त मी. देव्हाऱ्यातल्या समईलाही तो मान नव्हता.

म्हणून यंदाच्या श्रावणात ते पोपटी बूट घरात आले, तेव्हा माझी काय गत झाली असेल, तुम्हीच सांगा.

झालं असं, की पुरात काम केलेल्या शहरातल्या जुन्या गटांनी मिळून एक दौड ठरवली. ज्या त्या गटानं आपापला निधी जमवायचा. ताईंच्या गटातले बाकीचे कुणी पुण्याला, कुणी लेकीकडे गेलेले. उरले तिघं. ताई, प्रेमिला आणि सावनेरकडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले आनंदराव. गिरिधरशेठ म्हणाले, तुम्ही तिघंही शेवटच्या रेघेपर्यंत पोचलात, तर वस्तीसाठी रबरी बोट माझ्याकडून. पण तिघंही पाहिजेत, एकही कमी नको.

"तीन तिगाडा, काम बिगाडा," आनंदराव म्हणाले. प्रेमिला म्हणाली, "तुमी नाही बिगाडलं त कोणी नाही बिगाडत."

ताईंच्या मुलानं, सुमंतनं, आईसाठी बूट आणले. पोपटी रंग, नाकावर जाळी, तळव्यात काहीतरी मऊमऊ. ते बैठकीत खोक्यासकट ठेवले गेले. माणसांचं मला हे कळत नाही. चिखलातून वाचवणारं मागच्या गॅलरीत, आणि अजून एक पाऊल न टाकलेलं बैठकीत, आल्यागेल्याला दाखवायला. ताईंचे यजमान दत्तोपंत तर रोज बोटानं तळवा दाबून बघायचे आणि वा म्हणायचे. मला कधी कुणी वा म्हटलं नव्हतं.

एवढंच समाधान होतं की ताई ते घालणार नाहीत. दौड भादव्यात, म्हणजे चातुर्मासात. त्या अनवाणी धावणार होत्या. पण एका दुपारी दाराच्या फटीतून मी पाहिलं. घरात कुणी नसताना त्यांनी खोक्याचं झाकण उचललं, जाळीवरून हलकेच बोट फिरवलं आणि झाकण पुन्हा लावलं. माझं रबर आतून करपलं.

आठवडाभर आधी सुमंतनं नियम वाचून दाखवला. पायात बूट नसेल त्याला धावू देणार नाहीत. दत्तोपंत म्हणाले, देव समजून घेतो. त्या दिवशी पोथी वाचतानाही ताईंचं लक्ष नव्हतं. बोट पाहिजे आणि नेमही पाहिजे. मला मात्र एकच धास्ती. माझ्यासाठी मोडलेला नेम त्या पोपट्यांसाठीही मोडला, तर माझ्याजवळ उरलं काय?

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्या सरळ गॅलरीत आल्या आणि मला उचललं.

"आई, गमबूट घालून धावणार तू?" सुमंत हसतच सुटला.

"यांची परवानगी देवाकडे एकदा मागून झाली आहे," ताई शांतपणे म्हणाल्या. "आता नव्या बुटांची नवी मागणी कशाला?"

त्या रात्री मी आणि डावा बैठकीत, त्या खोक्याच्या शेजारी. मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणजे एकदोनदाच पाहिलं.

दौडीच्या सकाळी प्रेमिला आली आणि तिनं काय करावं? पोपटी बुटांच्या लेसांची गाठ मारली आणि ते गळ्यात अडकवले. ताईंनी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "माह्या गळ्यात शोभते." मला ती बाई त्या दिवसापुरती आवडेनाशी झाली.

सुरुवात झोकात झाली. थप्प थप्प थप्प. रस्त्याकडेची माणसं माझ्याकडे बोट दाखवत होती. हसत होती, पण माझ्याकडेच बघत होती ना! गळ्यातले पोपटी नुसते लोंबकळत होते. मी छाती काढून पळालो.

पण भादव्याचं ऊन वर आलं. आत घाम साचला, चिंध्या सरकल्या आणि ताईंची टाच माझ्या पाठीवर घासायला लागली. पुरात चालायचं होतं, आज धावायचं होतं, आणि मी धावण्यासाठी झालेलोच नव्हतो. थोड्या वेळानं मला आत एक ओल जाणवली. ती घामाची नव्हती. त्याच टाचेची, पूर्वी काच लागलेल्या ठिकाणची.

धंतोलीत दवाखान्यांसमोर पेशंटांचे नातेवाईक डबे घेऊन उभे होते. कुणी यवतमाळचं, कुणी गोंदियाचं. ते टाळ्या वाजवू लागले, आणि नेमका तिथेच डाव्याचा तळवा उसवला. ताई लंगडत एका दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. पुढे गेलेले आनंदराव मागे वळले. प्रेमिलानं गळ्यातली गाठ सोडली.

"नाही गं," ताई म्हणाल्या. "तेव्हा लोक बुडत होते. आज कोण बुडतंय?"

"आज कोणीच नाही," प्रेमिला म्हणाली. "बोट नाही आली त पुढच्या खेपेले बुडन."

ताईंनी हात जोडले आणि ओठ हलवले. पुरात हलवले होते तसेच, पण यावेळी माझ्यासाठी नाही.

डावा लगेच निघाला. फाटलेलाच होता बिचारा. ताईंनी मला ओढलं. मी निघेना. पाय सुजला होता, आत हवा कोंडली होती, आणि मी ती धरून ठेवली होती. आनंदरावांनी ओढलं, तरी नाही. खालच्या पायरीवर पोपटी जोडी तोंड उघडून वाट पाहत होती. एवढ्या जवळून मी ती पहिल्यांदाच पाहत होतो. आत कुठेही टोचेल असं काही नव्हतं.

ताईंच्या तोंडून एक हलकासा "आई गं" निघाला.

मी हवा सोडली. फस्स करून पाय बाहेर आला, लाल, सोललेला. एका नातेवाईक बाईनं आपल्या पिशवीतून हळद काढून दिली. प्रेमिलानं ती लावली, वर ताईंच्याच पदराची चिंधी बांधली आणि त्या पायावर पोपटी बूट चढवला. ताई उठल्या, एक पाऊल टाकलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची वेदना उतरलेली मी पाहिली. ते मला कधी जमलं नव्हतं.

आनंदरावांनी डाव्याला उचललं, प्रेमिलानं मला काखोटीला मारलं. "केवढा जड आहे गा हा," ती आनंदरावांना म्हणाली. सगळ्यात शेवटी, हातात हात घालून, तिघांनी रेघ ओलांडली. मी वरून खाली पाहत होतो. पोपटी पावलं पडत होती आणि मी जळत होतो. पण एकही पाऊल चुकू नये म्हणून श्वासही धरून होतो.

गिरिधरशेठनं शब्द पाळला. संध्याकाळी ताईंनी तुपाचं निरांजन लावलं आणि देवाला सांगितलं, नेम मोडला आहे, पुढच्या आषाढीपासून पुन्हा पहिल्यापासून धरीन, तेवढी शक्ती दे. त्यांच्या आवाजात अपराध नव्हता. देव घरातलाच कुणी वडीलधारा असावा, तशा त्या बोलत होत्या.

डाव्याचं रबर कापून नळाचे वायसर झाले. पोपटी आता रोज सकाळी ताईंसोबत फिरायला जातात, कार्तिकी उलटून गेली ना. आणि मी? मी बोटीत आहे. बोट आली त्या दिवशी ताई म्हणाल्या, आत पाणी साचलं तर उपसायला काहीतरी हवं. त्यांनी मला स्वतःच्या हातानं धुतलं आणि बोटीत बाकाखाली ठेवलं. वस्तीच्या समाजमंदिरात बोट आणि मी आडवे पडून असतो.

तुम्ही नदीकाठी राहत असाल, तर माझं एवढंच मागणं आहे. नाल्यात कचरा टाकू नका, आणि देवाला मानत असाल तर त्याला सांगा की मला कधीच ओलं करू नको. मी असाच कोरडा, विसरलेला राहीन. तोवर ताईंचे पाय त्या पोपट्यांतच असू देत. मला झोंबेल. झोंबू दे.