अर्धा मिलिमीटर

टेबलावर अकरा रीड होत्या: सहा चिरलेल्या, चार मुक्या आणि एक सेकंदाला ४४० कंपनांऐवजी ४३५वर वाजणारी. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून ओबो या फुंकवाद्याच्या या बोरूच्या जोडपट्ट्या मीच तासते. सोमवारी मला दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं.

समोर ओबो वाजवणाऱ्या बाई बसल्या होत्या. उद्या त्यांचा कार्यक्रम होता.

"पोरीच्या हाताला गुण आहे हो," त्या म्हणाल्या.

"ही रीड सुरात लागली, तर मी तिला सोडतोय होय?" बाबा हसले. "नाही लागली, तर दुकानाला कुलूप. मग जा बाई खुशाल!"

बोलणं थट्टेचं होतं, पण माझं नेमणूकपत्र बाबांच्याच खिशात होतं.

टोक अर्धा मिलिमीटर छाटलं, की सूर चढतो. एक मिलिमीटर छाटलं असतं, तर रीड वाया गेली असती आणि हात चुकला, असंच दोघांना वाटलं असतं. मी सुरी टोकावर ठेवली.

मी छाटलं. बाईंनी रीड ओबोत बसवून फुंकली.

सूरमापकावर आकडा आला, ४४०.