ग्रहणाचे कवडसे

"शशे, तुझं ते कागुद माझ्या सुनंपुढं वाचू नगंस," ताजबी मावशी मला म्हणाल्या होत्या. आवारातल्या नळाला नुकतं पाणी आलं होतं. त्यांची घागर माझ्या घागरीच्या पुढं होती आणि मान न वळवता त्या बोलत होत्या. "तुला वाचल्यावर झोप लागती. तिची उडती."

मी हसले. "मावशी, माहिती असली की भीती जाते उलट."

"जाती की. तुझ्यातनं जाती आन् तिच्यात शिरती."

त्यांनी घागर कमरेवर घेतली आणि गेल्या. मी मनात म्हटलं, सून शेजारणीकडं जाऊन बसलेली कुठल्या सासूला आवडते?

ताजबी मावशी, त्यांचा मुलगा निसार आणि सून सलमा आमच्या भिंतीपलीकडं राहत. निसार उद्यमनगरात एका फौंड्रीवर होता. सलमा जयसिंगपूरची, जेमतेम विशीची. तिचं पहिलं मूल आदल्या वर्षी पोटातच गेलं होतं. आता पुन्हा दिवस होते, सहावा सरत आला होता. ती चालायची ती डोक्यावर भरलेला हंडा असल्यासारखी, इकडंतिकडं न बघता.

आणि मी बी.एस्सी. झालेली, फिजिक्स घेऊन. लग्न झालं, चित्रा झाली, आणि ते सगळं शिक्षण त्या एवढ्याशा पोरीच्या उशाशी येऊन बसलं. वर्तमानपत्रातलं, मासिकातलं, दवाखान्यातल्या पत्रकातलं, रेडिओवरच्या डॉक्टरांचं, जे मिळेल ते मी कापून, नाहीतर उतरवून ठेवायची. लग्नात माहेरून आलेली ट्रंक त्या कात्रणांनी भरली, तेव्हा साड्या दोरीवर गेल्या. चित्रा शिंकली तर मला सतरा कारणं ठाऊक असत, आणि त्यातलं खरं कुठलं तेवढं ठाऊक नसे. आदल्या पावसाळ्यात ते स्कायलॅब कोसळणार म्हणून सगळीकडं ओरड झाली, तेव्हा मी त्याची रोजची बातमी कापत होते. कोपऱ्यावरचे किराणावाले बाळासो मला लांबून बघूनच ओरडायचे, "काय आकाशवाणी, आज काय पडतंय? तेलाचं डबं आत घेऊ का?" ते समुद्रात पडलं, तरी माझं नाव आकाशवाणीच राहिलं.

मग यंदाचं, ऐंशी सालचं, माघी अमावस्येचं ग्रहण आलं. खाली कारवारच्या बाजूला खग्रास, आणि आमच्याकडं सूर्याची नुसती कड उरणार. महिनाभर आधीपासून वर्तमानपत्रं त्यानंच भरलेली. उघड्या डोळ्यांनी बघू नका. काजळी धरलेल्या काचेतून बघा. त्या काचेतूनही बघू नका. घराबाहेर पडायला हरकत नाही, पण लहान मुलांना नेऊ नका. मी सगळं कापलं. गरोदर बायकांविषयी तर प्रत्येकाचं निराळं. एक डॉक्टर म्हणे, काहीही होत नाही, खा-प्या. एक वैद्य म्हणे, पाणी टाळावं. एका मासिकात वाचकांनी आपले अनुभव लिहिले होते: कुणी भाजी चिरली आणि बाळाचं बोट जुळलेलं निघालं, कुणी कुशीवर वळली आणि बाळाचा ओठ दुभंगला.

सलमा दुपारी माझ्याकडं यायची, भिंतीला टेकून बसायची आणि विचारायची, "वैनी, आज काय आलंय?"

मी वाचून दाखवायची. एक बाजू वाचली की दुसरीही वाचायची. ते मला न्यायाचं वाटे. सगळं पुढं मांडावं, ज्यानं त्यानं ठरवावं.

"मग पाणी प्यायचं का न्हाय?" ती विचारायची.

"दोन्ही म्हणणारे आहेत," मी सांगायची.

ग्रहणाच्या दिवशी ताजबी मावशी हातकणंगल्याला होत्या, भाऊ अंथरुणाला खिळला होता म्हणून. निघताना सुनेला बजावून गेल्या होत्या, ग्रहण लागायच्या आधी वैनींकडं जाऊन बस. निसारच्या फौंड्रीत त्या दिवशी भट्टी लावलेली. भट्टी एकदा पेटली की लोखंडाचा रस ओतून होईपर्यंत कुणाला हलता येत नाही, मग वर आकाशात काही का चालू असेना. आमचे हेही कचेरीत होते.

दुपार झाली आणि रस्ते ओस पडले. कोल्हापुरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाळासोंनी फळ्या लावल्या. कुत्रीसुद्धा हातगाड्यांखाली शिरली. मी खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबली, दाराला घोंगडं लावलं आणि चित्राला मांडीत घेऊन बसले. सलमा आली नाही.

भिंतीपलीकडून एरवी तिच्या बांगड्या ऐकू यायच्या, पातेल्याचं झाकण, स्टोव्हचा पंप. मला तर तिचा उसासाही ओळखू यायचा. त्या दुपारी काहीच येत नव्हतं. मी भिंतीवर मूठ वाजवली. "सलमा? सलमा गं!" उत्तर नाही. पुन्हा वाजवली. मग काहीतरी आलं, पण ती हाक नव्हती. मांजराचं पिल्लू हौदात पडल्यावर करतं तसला बारीक आवाज.

दोन दारांच्या मध्ये जेमतेम एक अंगण. पण माझ्या कडेवर तीन वर्षांची पोर, आणि तिला घरी एकटं ठेवायचं धाडस मला आजही नाही. तिनं वर बघितलं तर? ट्रंकेतला प्रत्येक कागद माझ्या डोक्यात एकदम बोलायला लागला. मी चित्राच्या डोक्यावरून माझा पदर ओढला, तिचं तोंड खांद्यात दाबलं आणि दार उघडलं.

ऊन होतं, पण उन्हासारखं नव्हतं. पितळेचं भांडं चिंचेनं घासायच्या आधी दिसतं तसं, काळसर पिवळं. माझी सावली कात्रीनं कापल्यासारखी धारदार पडली होती. मी पळाले.

सलमाच्या दाराला आतून पिठाचा डबा लावला होता. मी खांद्यानं रेटलं. आत अंधार, दाराखिडकीच्या सगळ्या फटी चिंध्यांनी बुजवलेल्या. ती जमिनीवर उताणी पडली होती, पाय सरळ, हात अंगाजवळ, ताठ. ओठ कोरडे पडून चिरले होते. सकाळपासून तिनं पाणी घेतलं नव्हतं, कूस बदलली नव्हती, लघवीलाही उठली नव्हती. मी वाचून दाखवलेल्यांपैकी कुणाचंही मोडायला नको म्हणून तिनं सगळ्यांचं पाळलं होतं.

"वैनी, हलवू नगा मला," ती पुटपुटली. "पोटावर पडलंय. बघा की. कोर पडलीया. आता ह्याचा ओठ..."

मी बघितलं.

त्यांच्या घराचे पत्रे जुने, कुठून तरी काढून आणलेले. जुन्या खिळ्यांची भोकं पावसाळ्यात डांबरानं बुजवायची आणि पाऊस सरून ऊन तापलं की डांबर पुन्हा वितळायचं. त्या भोकांतून रोज दुपारी जमिनीवर गोल कवडसे पडत. मी शेकडो वेळा पाहिलेले. आज त्यांतला एकही गोल नव्हता. जमिनीवर, भिंतीवर, घागरीच्या पोटावर, सगळीकडं बोराएवढ्या चंद्रकोरी. सगळ्या एका बाजूला कललेल्या. आणि सलमाच्या पोटावर, हिरव्या लुगड्यावर, तिच्या श्वासाबरोबर वरखाली होणाऱ्या पाचसहा.

म्हणजे रोजचे ते कवडसेही भोकांचे नव्हतेच. भोकं वाकडीतिकडी, चौकोनी, फाटलेली होती, आणि कवडसे मात्र गोल. तो सूर्यच होता. रोज दुपारी तो असा पत्र्यातून उतरून ह्या घरभर बसत होता, पिठाच्या डब्यावर, पायपुसण्यावर, आणि आम्ही त्याच्यावरून झाडू फिरवत होतो. कॉलेजात मी पुठ्ठ्याला टाचणी टोचून हाच प्रयोग केला होता, त्याचे मार्कही मिळवले होते. पण हे मी पाहिलं नव्हतं. माझ्या भरल्या ट्रंकेत ह्याबद्दल एक ओळ नव्हती.

माझा पदर कधी सैल झाला कळलं नाही. चित्रा खाली उतरली होती.

"आई, चांदोबा! कित्ती चांदोबा!" ती त्यांच्यामागं धावत सुटली. पाय ठेवला की कोर पावलावर चढायची. तिनं ओंजळ धरली, त्यात एक कोर आली. ओंजळ न सांडता ती सलमाजवळ गेली. "मावशी, धर."

सलमानं मान वळवली. सकाळपासून पहिल्यांदाच हलली असावी. कोर चित्राच्या तळव्यावरून निसटली आणि सलमाच्या गालावर येऊन बसली. ती एकटक बघत राहिली, छताकडं, भिंतीकडं, मग पोटाकडं.

"चांद," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "ईदच्या टायमाला एक दिसावा म्हणून आमी गच्चीवर ताटकळतोय, वैनी. ढग आलं की अब्बा चिडत्यात. आन् हितं घरभर?"

"घरभर," मी म्हटलं.

ती हसली की रडली ते मला सांगता येणार नाही. मग तिनं विचारलं, "पाणी चालंल का? तुमच्या कागदात काय हाय?"

माझ्या जिभेवर डॉक्टर आले, वैद्य आले, मासिकातल्या सगळ्या बायका आल्या. त्यांना परत ढकलायला मला जेवढं बळ लागलं तेवढं चित्राच्या वेळी कळा देतानाही लागलं नसेल.

"कागदात काही नाही," मी म्हटलं. "पी."

मी तिला उठवून बसवलं. ती तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायली, लुगड्यावर सांडलं. नंतर तिला धरून मोरीपर्यंत नेलं. परत आलो तेव्हा कोरी दोऱ्याएवढ्या बारीक झाल्या होत्या. खोली निळसर झाली. बाहेर कावळे संध्याकाळ झाल्यासारखे ओरडत घराकडं निघाले. आम्ही तिघी जमिनीवर बसून त्या कोरी बघत होतो. मग कोरी हळूहळू दुसऱ्या बाजूला कलल्या आणि भरायला लागल्या. सलमानं माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून एक लाथ बसली, चांगली खणखणीत.

ग्रहण सुटल्यावर ताजबी मावशी मिळेल त्या पहिल्या एस.टी.नं आल्या. सुनेनं सगळं सांगितलं असणार. मला वाटलं आता माझी शोभा होणार. त्या दारात आल्या, मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आलीस न्हवं भाईर? पोरीला घिऊन? बरं झालं. आता च्या कर, घसा वाळलाय माझा."

सातवा लागला तशी सलमा बाळंतपणासाठी माहेरी गेली. आता मे संपत आलाय, तिचे दिवस भरले असतील. दहा-बारा दिवस झाले, काही निरोप नाही. मावशी म्हणतात, "काय असलं तर कळंल की." त्या परवा जायच्या आहेत. मला तोवर धीर नाही. ट्रंक मी जाळली नाही, अजूनही कापते, पण बाळंतपणातल्या धोक्यांचा गठ्ठा ह्या आठवड्यात उघडला नाही. एक पत्र लिहायला घेतलं, त्यात प्रश्नच प्रश्न झाले, ते फाडलं.

म्हणून तुम्हाला सांगते. वाचणाऱ्यांत कुणी जयसिंगपूरचं असेलच. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत मीरासाब शिलाईवाल्यांचं घर विचारा, कुणीही दाखवेल. सलमा त्यांची मुलगी. दार वाजवा, मी पाठवलंय म्हणा, आणि ती कशी आहे एवढं बघून या. वजन किती, कुठल्या दवाखान्यात, किती वेळ लागला, हे मला कळवू नका. बरी आहे, एवढे दोन शब्द पुरे. आजच जाता आलं तर बघा.