वैष्णवीचा चुडा

साखऱ्यात लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी चाँदबीला सांगावा जायचा. एक-दोन वर्षं नव्हे, चांगली चाळीस वर्षं. नवरीचा हिरवा चुडा भरायचा तो चाँदबी मनियारणीनंच, हा गावाचा नेम. नवरी पाटावर, चाँदबी समोर, भोवती बायांचा गलका. चुडा भरून झाला की नवरी तिच्या पाया पडायची, अन् चाँदबी सुपातले गहू अन् गूळ घेऊन घरी यायची. कोणत्या पोरीच्या मनगटाला कोणतं माप, हे त्या पोरींच्या आयांपेक्षा हिला जास्त ठाऊक.

अन् यंदा दगडोबाच्या घरी लग्न, नात वैष्णवी नवरी, हळद चार दिवसांवर आलेली, तरी सांगावा नाही! आता बोला.

चाँदबीला घास गोड लागेना. दगडोबाचं घर म्हणजे तिचं दुसरं माहेर. त्याची बायको शालूबाई तिची जिवाची मैत्रीण. सून मिराबाई वैष्णवीच्या वेळी पोटुशी होती, तेव्हाचा सातव्या महिन्याचा चुडा चाँदबीनं भरलेला. वैष्णवी पाळण्यात होती तेव्हा तिच्या काळ्या मण्यांच्या मनगट्या हिनंच बांधलेल्या. त्या पोरीच्या लग्नाचा चुडा दुसऱ्या कुणी भरायचा, हे तिच्या मनाला सोसत नव्हतं.

त्यात शेजारची जिवनबाई येऊन काडी लावून गेली. म्हणे, "दिवस बदलले चाची. आता तुमच्या लोकांच्या हातानं कोन भरून घेऊन राहिलं? हिंगोलीहून बाई सांगितली असंल." काडी लावायला गावात कुणाला काय कष्ट पडतात? जिवनबाई चहा पिऊन निघून गेली, अन् चाँदबी तशीच भिंतीला टेकून बसली.

नात रुक्सार सेनगावच्या अभ्यासिकेतून आली तर चूल थंड. पोरगी सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करत होती. घरात दोघींची बोली दखनी, पण मी आपलं मराठीतच सांगतो. तिनं भात टाकला अन् आजीला तोंड उघडायला लावलं. सगळं ऐकून म्हणाली, "दादी, आज आमच्या पुस्तकात हेच होतं बघ. माणूस मनातून दूर जातं, त्याला इंग्रजीत तीन शब्द. एस्ट्रेंज म्हणजे जवळचं माणूस परकं होणं, नवरा-बायको, बाप-लेक, असं. डिसअफेक्ट म्हणजे भांडण नाही, तंटा नाही, पण पहिली निष्ठाच उरली नाही. फौजेतला शिपाई राजावर नाराज होतो तसं. आणि एलिअनेट म्हणजे माणूस आपल्यावर उलटतं. बहुतेक आपल्याच वागण्यानं, कधी तिसऱ्याच्या लावालावीनं."

"म्हणजे कान भरल्यानं?"

"कधीकधी. त्याआधी मी 'आपल्याच वागण्यानं' म्हटलं, ते ऐकलंस का?"

कुठलं ऐकतेय! बाईनं तेवढंच धरलं. मिराचे कान कुणीतरी भरले, बस्स. सकाळी ती बांगड्यांची पेटी काखेत मारून निघाली.

दगडोबाच्या दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. मिराबाईनं तिला बघितलं अन् लगबगीनं खुर्ची आणून दिली. स्टीलच्या ग्लासात पाणी आलं, मग बशीसकट चहा आला. ह्या घरात ती कधी खुर्चीवर बसली होती? चुलीपाशी बसून लसूण सोलायची, हक्कानं भाकरी मागून घ्यायची. आता बशीवर कप.

तिनं कप खाली ठेवला. "मिरा, सरळ सांग. कोणी कान भरले तुझे? आमची जात आडवी आली काय?"

"चाची! काय बोलून राहिल्या!" मिराबाईचा चेहरा उतरला. "देवाशप्पथ, तसलं मनात बी न्हाई."

"मग काहून सांगावा न्हाई आला?"

आतून वैष्णवी आली अन् आईच्या मागं उभी राहिली.

"मीच नको म्हटलं, चाची. आत्याच्या लग्नात तुमी सगळ्या बायांना बांगड्या भरल्या, आठवतं? बाबा जाऊन वरीस झालं होतं. मी बारा वर्षांची. मी मायीचा हात धरून तुमच्यापुढं केला, म्हटलं हिला बी भरा."

चाँदबीला आठवलं.

"तुमी म्हणल्या, 'हिला न्हाई बाळा, आज शुभ काम हाय.' अन् तुमी बाजूच्या बाईचा हात घेतला. मायीचा हात तसाच पुढं राहिला, सगळ्या बायांदेखत."

"रीत होती लेकरा," चाँदबीचा आवाज बारीक झाला. "ती बी माझी न्हाई, तुमच्याच घरची. मी पडले परकी. रीत मोडली असती तर गाव मलाच बोललं असतं. समोर तुझी आजी होती, ती बी काही बोलली न्हाई."

"आजीकडून मला आशाच नव्हती," वैष्णवी म्हणाली. "तुमच्याकडून होती. बाबा गेले तवा बायांनी मायीच्या बांगड्या फोडल्या. तवा तुमी एकट्याच तिला पोटाशी धरून रडल्या होत्या."

कान कुणी भरले नव्हते. जे झालं होतं ते तिच्याच हातानं, अन् तेही असं सहज की त्या दिवशी घरी येऊन ती पोटभर जेवली होती. असे किती हात तिनं चाळीस वर्षांत टाळले असतील? तिला त्यांचा हिशेबही लागेना.

तिनं घाईघाईनं पेटी उघडली. हिरव्या बांगड्या काढल्या अन् खुर्ची सोडून खाली फरशीवर बसली. "मिरा, हात आण. आत्ता भरते. बोलव साऱ्या गल्लीला."

मिराबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको चाची. राग न्हाई तुमच्यावर. तवा लई वाटलं होतं, कोणी तरी भरावं. वरीस दोन वरीस वाटत राहिलं. आता न्हाई वाटत."

हे ती इतकं शांतपणे बोलली की चाँदबीला वाटलं, हिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग हिचा चुडा कोण भरतंय?"

"मायच भरणार," वैष्णवी म्हणाली. "आजोबांना सांगितलं, न्हाई तर मी पाटावर बसत न्हाई."

विधवा आई लेकीचा चुडा भरणार! साखऱ्यात असलं कधी झालं नव्हतं. चाँदबी मिराबाईकडं बघतच राहिली. मिराबाई ओशाळून म्हणाली, "पर मला येत न्हाई चाची. काल एक घालून बघितली, हाडापाशी अडकून फुटली. हात कसा दाबायचा, तेवढं दाखवता का?"

"इकडं ये लेकरा." चाँदबीनं वैष्णवीचा हात धरायला हात लांब केला.

वैष्णवीनं हात मागं घेतले. उद्धटपणानं नाही, हळूच. पण घेतले.

चाँदबीचा हात थोडा वेळ तसाच पुढं राहिला. मग तोच हात तिनं मिराबाईच्या मांडीवर ठेवला, सुरकुतलेला, गाठी आलेला. "माझ्यावर शीक. अंगठा आत घे. करंगळीकडून चेप. हां, तसं."

मिराबाईनं बांगडी चढवायला घेतली. ती हाडापाशी अडकली. तिनं घाबरून हात सोडला.

"दाब, मिरा," चाँदबी म्हणाली. डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही. "अजून दाब. दुखत न्हाई मला."