व्हर्लिनचे मासे आणि आर्डिसची वेबसाइट

आर्डिसची पहिलीवहिली वेबसाइट सुरू होऊन महिना होत आला, तरी तिच्यावरून एकही लाकडी मासा विकला गेला नव्हता. लोक येत होते, तेवढे तिला आकड्यांत दिसत होते. येत, बघत आणि आल्या वाटेने निघून जात.

मासे तिच्या नवऱ्याने, व्हर्लिनने कोरलेले. मिनेसोटात तळी गोठली की बर्फाला भोक पाडून तसला मासा दोरीने पाण्यात फिरवायचा, त्याला भुलून खरा मासा आला की वरून भाला मारायचा. व्हर्लिनचे मासे जन्मभर गावातल्या एकाच दुकानात विकले गेले आणि ते दुकान यंदा बंद पडले. त्याने कोरायची हत्यारे तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवली, "झालं आता, कुणाला हवेत?" म्हणाला आणि टीव्हीसमोर बसून हवामान बघू लागला. आपल्याच गावचे बघितले असते तर एक वेळ चालले असते. हा गडी टेक्सासचे हवामान बघायचा, जिथे त्याच्या ओळखीचे काळे कुत्रेही नव्हते. धडधाकट माणूस असा खुर्चीत मुरत चाललेला आर्डिसला बघवेना.

म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली ही बाई वाचनालयात ऑनलाइन मार्केटिंग शिकायला गेली. वर्गातली बाकीची मंडळी तिच्या हातचे जेवून मोठी झालेली. तिने साइटसाठी नाव विकत घेतले, खिडकीतल्या उजेडात माशांचे फोटो काढले, एक पान करताना दुसरे तीनदा उडवले. खरेदीचे बटण कितीही दाबले तरी ढिम्म हलेना, तेव्हा ती त्याच्याशी मोठ्याने भांडली. पण साइट उभी राहिली, आणि एकटीच्या हिमतीवर राहिली.

मग विकले का जात नव्हते? शिकागोत जाहिरातींचे काम करणाऱ्या भाचीला, ब्रिटाला तिने फोन लावला. ब्रिटाने साइट उघडली आणि मोठ्याने वाचू लागली.

"'हे मासे बरे आहेत. तुमच्याकडे याहून चांगले असतीलच. सवड असेल तर बघा.' मावशी, हे काय लिहिलंयस?"

"का? काय वाईट आहे त्यात?"

"आणि विकत घ्यायचं बटण कुठंय?"

"खाली आहे की. अगदी तळाशी, करड्या रंगात. उगाच कशाला लोकांच्या अंगावर जायचं?"

"अगं, तू दुकान काढलंयस आणि दारात उभी राहून सांगतेयस, आत नाही आलात तरी चालेल!"

ब्रिटाचे खरे होते, पण ती शिकागोत राहून बिघडलेली. इकडची माणसे वेगळीच. चर्चच्या तळघरात केकचा शेवटचा तुकडा उरला, तर जो तो त्यातला अर्धाच कापून घेतो; शेवटी चिमणीच्या घासाएवढा कण उरतो आणि त्यालाही कुणी हात लावत नाही. अशा गावात चारचौघांत आपल्या नवऱ्याचे कौतुक करायचे म्हणजे झोपायच्या कपड्यांत बाजारात जाण्यासारखेच.

"मला एवढंच सांग," ब्रिटा म्हणाली, "काकाचे मासे चांगले आहेत की नाहीत?"

"वाईट नाहीत."

"मावशी!"

"बरं बाई, चांगले आहेत."

"किती चांगले?"

आर्डिसने खिडकीत मांडलेल्या माशांकडे पाहिले. "त्याच्यासारखा मासा मी उभ्या जन्मात पाहिला नाही गं."

"मग तेच लिही की!"

सकाळभर तिला एक ओळ सुचेना. दोनदा कॉफी झाली, ओटा पुसून झाला. मग लिहायला बसली ती थांबलीच नाही. व्हर्लिन माशाच्या पोटात शिसे ओततो, न्हाणीच्या टबात सोडून बघतो, पर तासतो, पुन्हा सोडतो. मासा जिवंत असल्यासारखा वळेपर्यंत घरात कुणाला आंघोळ मिळत नाही. सगळे लिहिले. शेवटी लिहिले, "माझा नवरा हे कधीच सांगणार नाही, म्हणून मी सांगते. याहून चांगला मासा तुम्हाला कुठेही मिळणार नाही." बटण लाल केले, वर आणून ठेवले. पान प्रसिद्ध केले आणि चोरी केल्यासारखी बाहेर जाऊन बर्फ उपसत बसली.

त्याच आठवड्यात मिशिगनच्या एका म्हाताऱ्याची ऑर्डर आली. दोन मासे हवे होते, आणि हिवाळा संपायच्या आत आणखी जमतील का, अशी विचारणा होती. आर्डिसने टॅबलेट व्हर्लिनच्या मांडीवर ठेवला. त्याने ऑर्डर वाचली. मग बोट सरकवत सरकवत ते अख्खे पानही वाचले. त्याचे कान लाल झाले.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"गाव वाचेल."

"वाचू दे."

 मग त्याने टीव्ही बंद केला, कोट चढवला आणि मागच्या शेडमध्ये गेला. लाकूड तासल्याचा आवाज ऐकून आर्डिस सिंकपाशी उभ्या उभ्या रडली.

गावाने वाचलेच. रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी ओतता ओतता लवॉनने, जिच्या हाती तिथली किटली आणि सगळ्यांची खबरबात असे, सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले, "काय बाई आर्डिस, याहून चांगला कुठेही मिळणार नाही म्हणे! एकदम जगात पहिला नंबर!"

सगळ्यांनी कपात डोळे घातले. आर्डिसचा चेहरा तापला. "अगं, ते आपलं उगीच..." तिच्या तोंडून निघालेही.

व्हर्लिनने कप खाली ठेवला. त्या तळघरात या माणसाने आजवर बर्फपाण्याच्या गप्पांपलीकडे तोंडातून काही काढले नव्हते.

"माशांचं मला ठाऊक नाही, लवॉन," तो म्हणाला. "पण ती वेबसाइट हिने एकटीने उभी केलीय. काही येत नव्हतं तिथपासून. मी डोळ्यांनी बघितलंय. या अख्ख्या जिल्ह्यात तसली दुसरी नाही."

 आर्डिसने नवऱ्याकडे पाहिले. संसारात पहिल्यांदाच त्याने तिची चारचौघांत स्तुती केली होती, आणि तीही आवाज चढवून. तिने मान वर केली.

"हो, लवॉन," ती म्हणाली, "मीच केलीय. आणि फार छान झालीय."