रानातून आलेली दुसरी ओळ

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. मित्रांनो, माझ्या पांढऱ्या पट्ट्या आता पिवळ्या पडल्या आहेत. पण ऐकलेले मी विसरलेली नाही.

मूल शहराजवळच्या एका गावातल्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्यांच्या लोकनाट्यात, शकुबाईचा मुलगा खुशाल मला वाजवी. सत्त्याऐंशी साली तो पोलिसांत भरती झाला आणि मला गडचिरोलीपलीकडच्या रानातल्या छावणीत घेऊन गेला.

दिवसभर जवान नक्षलवाद्यांच्या शोधात बंदुका घेऊन रान पालथे घालत. संध्याकाळी ते खुशालभोवती बसत. तो आईचे धानाच्या रोवणीचे गाणे म्हणे:

रोवून ठेव धान बाई, पाणी येणार हाये,
रानात गेला गडी बाई, घरी येणार हाये.

दुसऱ्या ओळीला सगळेच सूर मिळवत. घर कोणाला नको असते?

एकदा तिन्हीसांजेला खुशालने पहिली ओळ म्हटली आणि दुसरी नाल्यापलीकडच्या रानातून आली! कोवळा आवाज होता. जवानांनी बंदुका उचलल्या.

"बंद कर. रानातले बंदूकवाले असतीन," देवराव नावाचा जवान कुजबुजला.

"असू दे ना भाऊ. त्याले बी घरी जायचं असन," खुशाल म्हणाला.

खुशाल वाजवत राहिला. पुढे अनेकदा तो आवाज आला. कोणाचा, ते कळले नाही.

मग नाल्यापलीकडे चकमक झाली. जवानांनी एका पोराचे प्रेत खाटेवर घालून आणले. खुशाल त्याच्याकडे बघत राहिला; पण मिटल्या ओठांवरून आवाज कसा ओळखावा? त्या संध्याकाळी पहिली ओळ म्हणून तो थांबला. पलीकडून नुसते रातकिडे ओरडत राहिले. तो आवाज पुन्हा कधीच आला नाही.

खुशाल सुट्टीत घरी आल्यावर शकुबाईने त्याला गाणे म्हणायला लावले. तिथेही तो मधेच थांबला.

"काऊन थांबला बाबू?"

"कोणी म्हणते का, पाहून राह्यलो माय."

मग त्याने सारे सांगितले. शकुबाईने पदर तोंडाशी धरला.

"त्याची माय बी वाट पाहत असन रे," ती म्हणाली.

त्यानंतर खुशालने मला माळ्यावर ठेवले. उंदरांनी माझा भाता कुरतडला. मित्रांनो, जमले तर तो दुरुस्त करून घ्या. आणि पलीकडून कोणी तुमच्या सुरात सूर मिसळला, तर आधी गाणे पुरे होऊ द्या. तो कोण, हे तो जिवंत असतानाच विचारता येते.